ॲम्प बसवला आणि आवाज फाटायला लागला : गेन नेमका किती ठेवायचा?

कासारवडवली_कट्टा | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, ऑडिओतलं मला फारसं कळत नाही, म्हणून सगळं पाल्हाळ लावून लिहितो. सांभाळून घ्या.

गाडी हॅचबॅक, सहा वर्षं जुनी. मागच्या महिन्यात कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड डेक बसवला. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (स्पीकर आणि वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा ट्वीटर), डिकीत दहा इंची वूफरचं खोकं, ड्रायव्हरच्या सीटखाली फोर चॅनल ॲम्प. पुढचे दोन चॅनल दारांना, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) वूफरला. बसवणाऱ्याने कसलंसं रिमिक्स जोरात वाजवून दाखवलं, माझ्या छातीत धडधडलं, मी पैसे दिले.

दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी घोडबंदरला नेहमीप्रमाणे अडकलो. करमणूक म्हणून व्हॉल्यूम वाढवत गेलो, तर ४० पैकी ३० च्या पुढे गाणं फाटायलाच लागलं. गायिकेचा 'स' आला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. वूफर 'धम्म' न करता 'भस्स' करतो. परवा डावा ट्वीटर मुका झाला.

दुकानात गेलो. "गेन जास्त झालाय" म्हणत त्याने स्क्रू ड्रायव्हरने तो कमी केला. आता गंमत अशी की आवाज बसला, म्हणून मी व्हॉल्यूम ३६-३७ वर नेतो, आणि आता तो आधीपेक्षा जास्त फाटतो! गेन कमी केल्यावर फाटणं वाढतं, हे कसं? पुन्हा गेलो तर म्हणे, "स्पीकर हलके आहेत, भारी घ्या." गणपतीला चिपळूणला जायचंय. इतका लांबचा प्रवास बायको हा आवाज ऐकून घेणार नाही.

खड्डेमोजणी | शनिवार, रात्री ११.५२

गायमुखच्या घाटात स्पीकर नाही, गाडीच फाटते. तिथला आवाज सिस्टिमचा धरू नका.

(जाणकारांच्या प्रतीक्षेत. माझ्याही वूफरचं असंच आहे.)

मंडपवाला | रविवार, रात्री १२.१५

दादूस, गेन म्हणजे व्हॉल्यूम नाय, हे पहिलं डोक्यात घ्या. आम्ही ऐरोलीत मंडप आणि ऑर्केस्ट्राचा साऊंड लावतो. पोरं पण हीच चूक करतात. ॲम्पला 'क्लिप'ची (लाट कापली जातेय हे सांगणारी) लाल लाइट असते, ती लुकलुकली की मी पोराच्या पाठीत धपाटा घालतो. तुमच्या गाडीतल्या ॲम्पला ती लाइट बहुतेक नसेल.

गेन जमिनीला टेकवा, मग हळूहळू वर.

तलावपाळीचा_डग्गा | रविवार, सकाळी ७.०५

मी तबला शिकतो, ऑडिओवाला नाही. पण फाटणं ओळखायचं तर रिमिक्स लावू नका, ते मुळातच फाटलेलं असतं. एखादं जुनं तबल्याचं एकलवादन लावा. डग्ग्याची घुमारी मनगटाच्या दाबाने जशी वर सरकते तशी सरकताना ऐकू आली पाहिजे. ती सरकायच्या ऐवजी 'ढब' करून थांबली, की कुठेतरी लाट कापली जातेय. माझ्या मते कान पुरेसे आहेत.

नेरूळचे_काका | रविवार, सकाळी ८.३०

कट्टा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. 'गेन कमी केल्यावर फाटणं वाढतं' हे वाक्य दुकानदाराने नीट ऐकलं असतं तर तुमचा हेलपाटा वाचला असता. थोडं मुळातून सांगतो. (ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं मोजमापाची उपकरणं सांभाळली, त्यामुळे सवयच आहे. कंटाळा आला तर खाली सरका.)

डेकमधून आरसीए वायरने ॲम्पकडे जो सिग्नल जातो त्याची ताकद व्होल्टमध्ये मोजतात. एखादा डेक जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो, एखादा ४, एखादा ५. ॲम्प बनवणाऱ्याला तुमच्याकडे कोणता डेक आहे ते माहीत नसतं. म्हणून तो एक स्क्रू देतो, ज्यावर साधारण ०.२ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत खुणा असतात. त्या स्क्रूने तुम्ही ॲम्पला सांगता की 'समोरून जास्तीत जास्त एवढे व्होल्ट येतील, तेवढ्यावर तुझी पूर्ण ताकद लाव.' बस, गेनचं काम एवढंच. डेक दुबळा असेल तर गेन जास्त लागतो, दणकट असेल तर कमी. गेन अर्ध्यावर ठेवला म्हणून ॲम्पची ताकद अर्धी होत नाही. फक्त तिथे पोचायला डेकचा व्हॉल्यूम जास्त फिरवावा लागतो.

आता फाटणं. ॲम्पच्या आत वीजपुरवठ्याची एक कमाल पातळी असते. लाटेला तिच्या वर जायचं असेल तरी जाता येत नाही, तिचा माथा सपाट होतो. कौलारू घराचं छप्पर उडवून त्यावर स्लॅब टाकावा तसा. त्या सपाटीतून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात, मुख्यतः मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे. तेच कानाला टोचतात.

पण सपाटी फक्त ॲम्पमध्येच होते असं कुणी सांगितलं? डेकच्या आतही तशीच कमाल पातळी आहे. डेक ३० च्या वर स्वतःच लाट कापत असेल, तर ॲम्प बिचारा कापलेली लाट इमानेइतबारे मोठी करून देतो. गेन कमी केलात, म्हणून व्हॉल्यूम वाढवलात, म्हणजे डेकला आणखी खोल कापायच्या पट्ट्यात ढकललंत. तुमचा आजार डेकपाशी आहे आणि औषध ॲम्पला चाललंय.

माझे तीन प्रश्न. डेकचा इक्वलायझर कशावर आहे? डेकमध्ये लाउडनेस (बारीक आवाजातही बास उठवणारी सोय) चालू आहे का? ॲम्पवरचा बास बूस्ट किती आहे?

कासारवडवली_कट्टा | रविवार, सकाळी ९.१०

काका, पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो. इक्वलायझर 'रॉक'वर, खालच्या दोन पट्ट्या +६. लाउडनेस चालू. ॲम्पवर 'बास बूस्ट ०-१२ डीबी' असं आहे, तो पूर्ण उजवीकडे. मी यातल्या कशालाच हात लावलेला नाही हो, सगळं दुकानातून असंच आलंय.

डेक_आणि_डिकी | रविवार, सकाळी ९.३५

झालं. चोर सापडला, चोरच नाही, अख्खी टोळी. 😀

डीबीचा हिशोब असा की ३ डीबी वाढले की वॉट दुप्पट लागतात, ६ ला चौपट, १० ला दहापट. बास बूस्ट १२ म्हणजे ४५ हर्ट्झच्या आसपास जवळजवळ सोळापट ताकद मागणं. त्यात डेकचे +६ धरले तर आणखी चौपट. तुमचा ॲम्प ही ताकद आणणार कुठून? मंजुनाथाच्या कृपेने? दुकानात दोन मिनिटं छाती धडधडावी म्हणून ही मंडळी हे सगळं लावून ठेवतात. डेमोला बरं वाटतं, गिऱ्हाईक खूश.

मी खारघरला असतो, सात-आठ गाड्या स्वतःच्या आणि मित्रांच्या केल्यात, धंदा नाही. एक काम करा, आज काही फिरवू नका. आधी दोन गोष्टी लिहा : ॲम्पवर फ्यूज किती अँपिअरचे आहेत, आणि खोक्यावर वॉट किती छापलेत.

कासारवडवली_कट्टा | रविवार, सकाळी ९.५०

फ्यूज दोन, २५-२५ चे. खोक्यावर १६०० वॉट. आतल्या कागदावर बारीक अक्षरात ७५ वॉट आरएमएस गुणिले ४, आणि ब्रिज केल्यावर ४ ओहमला २०० गुणिले २.

डेक_आणि_डिकी | रविवार, सकाळी १०.२०

आता १६०० विसरा, आरएमएस म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद, तीच धरा. दोन फ्यूज मिळून ५० अँपिअर, गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरा, म्हणजे आत जाऊ शकणारी वीज ६९० वॉट. तुमचा ॲम्प एबी क्लासचा दिसतोय, असले ॲम्प साधारण निम्म्याहून थोडी जास्त वीज आवाजात बदलतात, बाकीची उष्णता. (सीटखाली हात लावून बघा, इस्त्री झाली असेल.) म्हणजे हाती ३५० ते ४०० वॉट. तुमचे पुढचे ७५ अधिक ७५ आणि वूफरचे २०० मिळून ३५० होतात. म्हणजे बारीक अक्षरातला कागद खरं बोलतोय. डी क्लास असता तर पाऊण किंवा त्याहून थोडी जास्त धरली असती.

फ्यूजचा हा हिशोब काटेकोर नसतो, पण खोक्यावरच्या थापा पकडायला पुरतो.

शंकासुर | रविवार, सकाळी ११.००

माझ्या डेकवर '५० वॉट × ४' लिहिलंय. मग मला ॲम्प कशाला हवा? २०० वॉट आधीच आहेत की!

नेरूळचे_काका | रविवार, सकाळी ११.४०

शंकासुर, छान प्रश्न. १४.४ व्होल्टचा वर्ग करा, २०७ येतात. ४ ओहमने भागा, जवळजवळ ५२. हे तुमचे ५० वॉट. पण हा हिशोब कधी लागू पडतो? लाट पूर्ण कापून चौकोनी झाली तर. न कापलेल्या, गोल लाटेला याच पुरवठ्यातून जास्तीत जास्त याच्या निम्मे मिळतात, आणि प्रत्यक्षात आतली तूट धरून १८ ते २२. म्हणजे खोक्यावरचे ५० वॉट हे फाटलेल्या आवाजाचे वॉट आहेत.

याच गणितात कट्टांच्या ट्वीटरचं मरण दडलंय. चौकोनी लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद वाहते. स्पीकरच्या कॉइलला ती उष्णता म्हणून मिळते. शिवाय माथे कापले गेले की गाण्यातल्या मोठ्या आणि बारीक आवाजांतलं अंतर कमी होतं, जोराच्या दोन ठोक्यांच्या मधे कॉइलला गार व्हायला उसंतच मिळत नाही. ट्वीटरची कॉइल केसासारखी बारीक. ती आधी जाते.

एक गैरसमज इथेच पुसून टाकतो : 'लाट सपाट झाली म्हणजे डीसी झाली आणि डीसीने स्पीकर जळला.' सपाट माथा क्षणभराचा असतो, लगेच लाट खाली जाते, सरासरी शून्यच राहते. शिवाय ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो, तो डीसी पुढे जाऊच देत नाही. जाळते ती वाढलेली ताकद. तसंच 'कमी वॉटच्या ॲम्पने स्पीकर जळतो' हेही अर्धंच. कमी वॉटचा ॲम्प न कापता वाजवलात तर स्पीकर शंभर वर्षं टिकेल. आपण तो ओरबाडून वाजवतो म्हणून जळतो.

तलावपाळीचा_डग्गा | रविवार, दुपारी १२.३०

काका, सगळं मान्य. तरी मी म्हणतो, कानाला कळतं.

नेरूळचे_काका | रविवार, दुपारी १.१५

तुमच्या कानाला कळत असेल, तुम्ही रियाझ करता. माझा जावई चाळीस टक्के फाटलेल्या आवाजावर 'वा, काय पंच आहे' म्हणतो.

गंमत नाही, कानाची एक युक्ती आहे. खालच्या सुरावर कापणं लवकर पकडता येतं. ४० हर्ट्झचा शुद्ध सूर कानाला फार मंद ऐकू येतो. तो कापला की १२०, २०० हर्ट्झचे सूर निघतात आणि ते कानाला चटकन कळतात. 'हूं' चालू असताना त्यात 'घर्र' मिसळलं की समजा कापलं. गाण्यात मात्र हे ओळखणं कठीण, कारण गिटारवाल्याने मुद्दाम कापलेलं असतं आणि हल्लीच्या मिक्सिंगमध्येही थोडंफार कापलेलंच असतं.

डेक_आणि_डिकी | रविवार, रात्री ९.००

आता कामाचं. मी कसं करतो ते लिहितो, कट्टा, पुढच्या शनिवारी तुम्ही इकडे आलात तर सोबत करू. बॅटरीवर चालणारा छोटा स्कोप (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे माझ्याकडे.

आधी सूर. यूट्यूबवरून वाजवू नका, ब्लूटूथवरूनही नको, वाटेत कुणी पातळी कमीजास्त केली तर सगळा हिशोब बोंबलतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः साइन टोन (एकच शुद्ध सूर) बनवा, डब्ल्यूएव्ही करून पेनड्राइव्हमध्ये टाका. ५० हर्ट्झचा एक, १००० हर्ट्झचा एक. अँप्लिट्यूड १ म्हणजे ० डीबी (फाइलमध्ये मावणारी कमाल पातळी), ०.५६ म्हणजे उणे ५.

मग डेक साफ. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य, फेडर-बॅलन्स मध्यावर. ॲम्पचे गेन पूर्ण खाली.

मग ॲम्पच्या मागच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. हे विसरलात तर ० डीबीचा सूर मिनिटभर कॉइलमधून जाईल आणि उरलेला ट्वीटरही डाव्याच्या भेटीला जाईल.

इंजिन चालू ठेवा, कारण बंद गाडीत १२.५ च्या आसपास व्होल्ट असतात, चालूत १४ च्या आसपास, आणि बऱ्याच ॲम्पची कमाल पातळी त्यावरच हलते. पण सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये अजिबात नको, धूर साठतो. उघड्यावर करा.

आता डेक कुठपर्यंत स्वच्छ आहे ते शोधायचं, ही पायरी सगळे गाळतात. आरसीएच्या टोकाला स्कोप लावून व्हॉल्यूम एकेक घर वाढवायचा. माथा चपटा व्हायला लागला की दोन घरं मागे. तो तुमचा कायमचा शेवट, त्याच्या वर व्हॉल्यूम जायचा नाही. स्कोप नसेल तर चांगल्या मीटरने व्होल्ट मोजा. प्रत्येक घराला आकडा ठरावीक पटीने वाढतो, ती वाढ जिथे आखडते तिथे कापणं सुरू झालं.

शेवटी गेन. वॉटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. ७५ गुणिले ४, ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट. वूफरला २०० गुणिले ४, ८००, म्हणजे २८.३. डेक त्या ठरलेल्या व्हॉल्यूमवर ठेवून सूर वाजवायचा, ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांना मीटर लावायचा, तेवढा आकडा येईपर्यंत गेन फिरवायचा. संपलं.

खड्डेमोजणी | रविवार, रात्री ९.२०

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला पिवळा मीटर चालेल का? एसीला त्यात दोनच रेंज आहेत, २०० आणि ७५०.

डेक_आणि_डिकी | रविवार, रात्री ९.४५

तो प्रत्येक घरात आहे. चालेल, पण अटी. त्याची एसी मोजणी साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाची, कारण तो घरातली ५० हर्ट्झची वीज मोजायला बनलाय. म्हणून १००० चा सूर त्याला देऊ नका, ५० चाच द्या. ५० वापरायचा तर पुढच्या चॅनलचा एचपीएफ (खालचे सूर अडवणारा फिल्टर) त्यावेळेपुरता 'फुल'वर लागतो, नाहीतर फिल्टरच सूर गिळतो आणि तुम्ही गेन वाढवतच बसता. मोजून झालं की एचपीएफ आठवणीने परत. आकड्यात एखादा व्होल्ट इकडेतिकडे होईल, त्याने काही बिघडत नाही. आरसीएचे एक-दोन व्होल्ट मात्र त्या २०० च्या रेंजवर मोजू नका, ते ज्योतिष होईल.

नेरूळचे_काका | रविवार, रात्री १०.३०

दोन भर घालतो.

एक. मीटर आकडा दाखवतो, लाटेचा आकार नाही. ॲम्पची खरी ताकद कागदापेक्षा कमी असेल तर १७.३ व्होल्ट येतील, पण कापून येतील. म्हणून फ्यूजचा हिशोब आधी, वर्गमूळ नंतर. आणि स्पीकर ॲम्पपेक्षा नाजूक असेल तर स्पीकरचे वॉट धरा.

दोन. स्कोपवाल्यांसाठी. ब्रिज केलेल्या किंवा बऱ्याच डी क्लास ॲम्पमध्ये स्पीकरची 'उणे' तार गाडीच्या बॉडीशी जोडलेली नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या स्कोपची जमीन तिथे लावून, त्याच वेळी गाडी कुठे अर्थला टेकली असेल, तर ॲम्पचा धूर बघायला मिळेल. बॅटरीवरच्या स्कोपला ही भीती नाही, फक्त त्याच वेळी त्याला चार्जरला लावू नका.

शंकासुर | सोमवार, सकाळी १०.१५

माझा कंपनीचा डेक, आरसीएच नाहीत. मग?

डेक_आणि_डिकी | सोमवार, दुपारी १.४०

मग स्पीकरच्या वायरींमधूनच सिग्नल घ्यायचा. ॲम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर थेट, नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर. डेकच्या स्पीकर वायरींवर ८-९ व्होल्ट स्वच्छ येऊ शकतात, कन्व्हर्टर त्यांना खाली आणतो. बाकी नियम तोच, डेक कुठे कापतो ते आधी. फक्त डेकच्या स्पीकरची 'उणे' बॉडीला जोडू नका, कंपनीचे डेकही ब्रिजच असतात.

मंडपवाला | सोमवार, रात्री ११.५५

० डीबीच्या सुरावर गेन लावलात तर जुनी गाणी बारीक वाजतील. आमच्या ऑर्केस्ट्रात हाच घोळ होतो. जुन्या नाट्यगीताची फाइल बारीक, नवं आयटम साँग भिंतीसारखं. मी उणे ५ वर लावतो. म्हणजे गाण्याचा एखादा ठोका क्षणभर कापला जाईल, पण कान ओळखत नाय आणि कॉइल तापत नाय. पण सगळी गाणी आयटमच ऐकत असाल तर ० वरच ठेवा.

नेरूळचे_काका | मंगळवार, सकाळी ८.००

मंडपवाले, सहमत. ५ डीबी म्हणजे ताकदीत तिपटीहून थोडं जास्त. एवढी मोकळीक सूर नाही, गाणं वाजवणार म्हणून घेता येते. जुनं भावगीत आणि आजचं रिमिक्स यांच्या फाइलमध्ये तेवढा फरक सहज असतो.

कासारवडवली_कट्टा | शनिवार, रात्री १०.३०

अहवाल!

सकाळी विटाव्याचा ट्रॅफिक पार करून खारघरला पोचलो. सेंट्रल पार्कजवळ उघड्यावर गाडी लावली. डेक_आणि_डिकी यांनी छोटासा स्कोप काढला, त्यांच्या डब्यातली थालीपिठंही. (वहिनींना माझा नमस्कार सांगा.)

आधी काहीही न बदलता, रॉक आणि लाउडनेस चालू ठेवून ५० हर्ट्झ वाजवला. व्हॉल्यूम २६ लाच लाट चपटी! मी रोज ३६ वर ऐकत होतो, म्हणजे मी गाणं नाही, स्लॅब ऐकत होतो. सगळं सपाट केल्यावर तोच डेक ३५ पर्यंत स्वच्छ. डेकच्या खोक्यावर '४ व्होल्ट प्रीआउट' (म्हणजे आरसीएवरचा सिग्नल) लिहिलंय, प्रत्यक्ष ३५ ला १.९ भरले. डेक_आणि_डिकी नुसतं हसले, म्हणाले, हे नेहमीचंच.

मग कळलं की पुढच्या चॅनलचा एचपीएफ दुकानाने लावलेलाच नव्हता. म्हणजे वूफरचं काम माझे साडेसहा इंची बिचारे दारात बसून करत होते. आता ८० वर लावला, वूफरचा एलपीएफही (वरचे सूर अडवणारा) ८० वर.

व्हॉल्यूम ३३ हा शेवट धरला. सूर उणे ५ चा. कंपोनंट ६० वॉटचे आहेत, म्हणून काकांचं ऐकून ६० गुणिले ४, २४०, वर्गमूळ १५.५ वर गेन लावला. वूफरला २८ ठरवले होते, पण वूफर क्षणभर जोडून बघितलं तर स्कोपवर २६ च्या पुढे माथा बसायला लागला. सीटखालची पॉवरची वायर पातळ आहे, ॲम्प ओढायला लागला की त्याच्या टर्मिनलला १३.९ चे १२.६ होत होते. ती तांब्याचीही नाही, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम. सध्या २५ वर ठेवलं, वायर बदलली की पुन्हा मोजू. फ्यूज बॅटरीपासून चांगला लांब, सीटजवळ लावलेला, तोही बॅटरीजवळ आणायचाय.

आणि खरी गंमत ऐका. गेनचा स्क्रू दुकानदाराने ठेवला होता त्याच्या वर गेला! म्हणजे मला गेन कमी नाही, जास्त हवा होता.

येताना पाम बीचवरून आलो. व्हॉल्यूम ३० वर डग्गा यांचं ऐकून तबल्याचं एकलवादन लावलं. घुमारी सरकते हो. आधी मला वाटायचं ती रेकॉर्डिंगमध्येच नसेल.

तलावपाळीचा_डग्गा | शनिवार, रात्री १०.४५

बघा. कान. 😌

डेक_आणि_डिकी | शनिवार, रात्री ११.००

कानाला कळलं ते स्कोप लावल्यावर, हे नमूद करून ठेवतो.

कट्टा, एक राहिलं. सीटखाली ॲम्प कार्पेटवर थेट ठेवलाय, तो लाकडी फळीवर उचलून घ्या. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी तिथेच येतं, आणि पावसात खारघर सबवेत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

कासारवडवली_कट्टा | बुधवार, रात्री ९.१५

फळी बसवली, डावा ट्वीटर बदलला. वायर उद्या येतेय. आता फाटणं शून्य, पण वूफरच्या प्रत्येक ठोक्याला मागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज यायला लागलाय. पुन्हा क्लिपिंग का? सगळे आकडे तपासले, जिथल्या तिथे आहेत.

मंडपवाला | बुधवार, रात्री ९.२०

डिकीच्या बाहेर हात ठेवा आणि वाजवा.

कासारवडवली_कट्टा | बुधवार, रात्री ९.३८

नंबर प्लेट. 🤦

मंडपवाला | बुधवार, रात्री ९.४०

मागे फोमची दुहेरी टेप मारा दादूस, वीस रुपयांत काम होईल.